आरव्हीने यलोस्टोन, सोबत आईबाबा आणि लहान मुलं. सेफ्टीबद्दल अनुभवी लोकांनी सांगा

मोगरा_डेन्व्हर
मंडळी, जुलैमध्ये माझे आईबाबा नाशिकहून येतायत आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात आरव्ही (म्हणजे आत पलंग, ओटा, बाथरूम असलेली घरासारखी गाडी) भाड्याने घ्यायचं खूळ शिरलंय. प्लॅन असा की डेन्व्हरहून आय-२५ ने शायेन, मग आय-८० ने लॅरमी आणि रॉलिन्स, तिथून २८७ धरून लँडर, टोगोटी पास उतरून ग्रँड टीटन आणि पुढे यलोस्टोन. गाडी ३० फुटी क्लास सी, म्हणजे ती ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. आम्ही दोघं, आईबाबा, मुलगी ७ वर्षांची आणि मुलगा ३ वर्षांचा. हे रोज कॅमरी चालवतात, ट्रक वगैरे कधी चालवलेला नाही, पण भाड्याच्या कंपनीवाला म्हणे साध्या लायसनवर चालतं, काही अवघड नाही.
आईने तर चहा कधी, पोहे कधी याची यादी करून ठेवलीय कारण तिच्या मते घरच चाललंय सोबत. मी मात्र परवा हायवेच्या मधल्या गवतात आडवी झालेली एक आरव्ही पाहिली, पुढची केबिन बऱ्यापैकी शाबूत होती आणि मागचं घर अक्षरशः उकललेलं, गाद्या भांडी सगळं रस्त्यावर. तेव्हापासून झोप उडालीय. मी उगाच घाबरतेय का? ज्यांनी चालवलीय त्यांनी खरं काय ते सांगा.

बिनधास्त_बाळ्या
उगाच घाबरताय. लाखो लोक चालवतात, ७५ वर्षांचे अमेरिकन आजोबा चालवतात. हळू चालवा, उजव्या लेनमध्ये राहा, विषय संपला. आपण लहानपणी एसटीत उभं राहून कोकणात गेलोय की.

हायवे_पाटील
ताई, मी आयटी सोडून आता ट्रक चालवतो (आमच्या आईला अजून हे पटलेलं नाही, ते असो) त्यामुळे मोठ्या गाडीपुरतं बोलतो.
साधं लायसन चालतं हे खरंय, २६००० पाउंडांच्या आत बहुतेक राज्यांत वेगळं लायसन लागत नाही. पण ३० फुटी क्लास सी बहुतेक वेळा फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावर बांधलेली असते आणि तिचं कमाल वजन १४५०० पाउंड, म्हणजे साडेसहा टन. तुमची कॅमरी दीड टनाच्या आसपास. ब्रेक दाबल्यावर चौपट वजन थांबवायचंय एवढं जरी डोक्यात ठेवलं तरी अर्धं काम झालं. पुढच्या गाडीपासून कारमध्ये तीन सेकंद ठेवतो ना, इथे सहा ठेवायचे, पाऊस असेल तर त्याहून जास्त, आणि मध्ये कोणी घुसला तर घुसू द्यायचं, परत मागे सरकायचं, तिथे इगो आणायचा नाही.
आता तुमचा रस्ता. लॅरमी ते रॉलिन्स हा आय-८० चा पट्टा वाऱ्यासाठी बदनाम आहे, एल्क माउंटन आणि आर्लिंग्टनच्या आसपास तर भरलेले ट्रक हलतात. वायोमिंगवाले वारा वाढला की हलक्या उंच गाड्यांना रस्ता बंद करतात, बोर्डावर लाइट हाय प्रोफाइल व्हेइकल असं येतं, म्हणजे तुम्हीच. मोठी, उंच, आणि उंचीच्या मानाने हलकी. हिवाळ्याइतका त्रास जुलैत नसतो पण दुपारी ढग जमले की वावटळ येतेच. निघायच्या आधी वायोमिंगचं ५११ ॲप (रस्त्यांची स्थिती सांगणारं) बघा आणि तो पट्टा सकाळी लवकर पार करा. वाऱ्यात गाडी हलायला लागली तर स्टिअरिंगशी झटापट करू नका, स्पीड कमी करा, ताशी ५० मैलांवर आणा, कोणी मागून हॉर्न देईना का. ट्रक तुम्हाला ओव्हरटेक करताना आधी बाजूला ढकलल्यासारखं होतं आणि तो पुढे गेला की आत ओढल्यासारखं होतं, दोन्ही वेळेस नवशिके उलटं स्टिअरिंग मारतात आणि बरेचसे किस्से तिथेच सुरू होतात.
उताराचं नंतर लिहितो, लोडिंगला नंबर आला.

रिकामटेकडी
पाटलांना +१. मी लिहिते ते स्पीड शून्याच्या जवळ असतानाचं, कारण जीव जात नाही पण खिसा रिकामा होतो आणि भांडणं होतात ते सगळं पार्किंगमध्ये आणि पेट्रोलपंपावर.
क्लास सी चं मागचं चाक आणि मागचा बंपर यांच्यात बराच भाग लटकलेला असतो. तुम्ही पंपावरून निघताना स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं की मागचं शेपूट उजवीकडे फिरतं आणि पंपाच्या बाजूच्या त्या पिवळ्या खांबाला बसतं. ड्रायव्हरला कळतही नाही, मागे आजी किंचाळते तेव्हा कळतं. म्हणून पंपावरून आधी सरळ पुढे या, शेपूट खांबाच्या पुढे गेलं की मग वळा.
आणि उंची! या गाड्या १२ फुटांच्या आसपास असतात, वर एसीचं खोकं. स्टिअरिंगजवळ उंची लिहून चिकटवा. नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमला एक रेल्वेचा पूल आहे, ११ फूट ८ इंच, त्याच्यावर कॅमेरे लावलेत आणि भाड्याचे ट्रक आणि आरव्ही यांची छपरं सोलून निघताना जगभर लोक बघतात. सेन्सर होता, सिग्नल होता, पिवळे दिवे लावले, तरी लोक आदळतच राहिले, शेवटी २०१९ मध्ये पूल उचलून १२ फूट ४ इंच केला, त्यानंतरही आदळलेत. न्यूयॉर्कच्या पार्कवेवरचे पूल तर याहून बुटके. तुमच्या वाटेवर तसं काही नाही पण हॉटेलचं पोर्च, ड्राइव्ह थ्रू, झाडाची आडवी फांदी हे सगळीकडे असतं. गूगल मॅप्सला तुमची गाडी कार आहे की आरव्ही काही माहीत नसतं, त्यामुळे उंची लांबी भरता येते असलं आरव्हीचं वेगळं जीपीएस घ्या.
रिव्हर्स घेताना एक माणूस खाली उतरलाच पाहिजे आणि तो ड्रायव्हरला आरशात दिसला पाहिजे. दिसला नाही की थांबायचं. मागून "आने दो आने दो" करणारे तीन जण नकोत, एकच. तुमच्या बाबांना दुसरं काहीतरी काम द्या.

अटकेपार
मूळ प्रश्नात तीन वर्षांचा मुलगा आहे आणि त्यावर कोणीच बोललं नाही?
ताई, तुम्ही जे पाहिलंत, की केबिन शाबूत आणि घर उकललेलं, ते असंच होतं. पुढची केबिन फोर्डच्या कारखान्यातून येते, तिला एअरबॅग, पोलादी सांगाडा सगळं असतं. मागचं घर दुसरा कारखाना लाकडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ चौकटीवर फायबरग्लासचे पत्रे लावून बांधतो. वजन कमी ठेवायचं असतं ना. जोरात धडक बसली की कपाटं, टीव्ही, शेगडी सगळं जागेवरून सुटू शकतं आणि ज्यांनी पट्टा लावलेला नाही ते तर सुटलेलेच असतात.
मुलांच्या सीटचं म्हणाल तर ती फक्त पुढे तोंड असलेल्या गाडीच्या सीटवर लावायची. डायनेटमध्ये (आतल्या जेवणाच्या टेबलाशी) समोरासमोर दोन बाकडी असतात, त्यातल्या मागे तोंड असलेल्या बाकावर कार सीट लावायची नाही, आडव्या सोफ्यावर तर अजिबात नाही, पट्टा असला तरी. पुढे तोंड असलेल्या बाकाखालीही काही गाड्यांमध्ये नुसतं प्लायवूडचं खोकं आणि पाण्याची टाकी असते. भाड्याने घ्यायच्या आधी गादी उचलून बघा, पट्टा लोखंडी चौकटीला जातोय की नुसता लाकडात स्क्रू मारलाय. आणि सहा माणसं झोपतात म्हणजे सहा पट्टे असतात असं नाही. झोपायच्या जागा आणि पट्ट्याच्या जागा हे दोन आकडे वेगळे विचारा.
आणि डोक्यावरच्या पलंगावर चालत्या गाडीत मुलं खेळवतात लोक, व्हिडिओ टाकतात वर, ते बघून मला घाम फुटतो.

बिनधास्त_बाळ्या
मग चालत्या गाडीत बाथरूमला पण जायचं नाही का? आरव्ही घेतली कशाला मग 😀

अटकेपार
नाही जायचं. दीड तासाला रेस्ट एरिया येतो तिथे थांबा. चहा पण तिथेच.

मोगरा_डेन्व्हर
आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली मग रेल्वे बरी. बाबांनी विचारलंय गॅसचा सिलेंडर चालत्या गाडीत चालू असतो का, कारण फ्रिज गॅसवर चालतो म्हणे?

पुण्याचा_पेन्शनर
मोगराताई, तुमच्या बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे, मी त्यांच्याच वयाचा असेन. मुलाकडे असताना आम्ही अशी गाडी घेतली होती. फ्रिज गॅसवर आणि विजेवर दोन्हीवर चालतो. आम्ही निघताना बाहेरून प्रोपेनची तोटी बंद करत असू, फ्रिज तसाच बंद ठेवला तरी दार न उघडल्यास चार-पाच तास थंड राहतो. पंपावर तर तोटी बंद हवीच, कारण फ्रिजच्या मागे आणि गीझरला उघडी ज्योत असते. बाल्टिमोरच्या बोगद्यांत प्रोपेनची टाकी असलेल्या गाड्यांना प्रवेशच नाही.
मला त्याहून महत्त्वाचं सांगायचंय ते जनरेटरचं. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात कोळिकोड जिल्ह्यातल्या वडकर इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. एसीसाठी जनरेटर चालू होता. एनआयटी कालिकतच्या तज्ज्ञांनी तीच गाडी तपासली तेव्हा जनरेटरचा कार्बन मोनॉक्साईड आत शिरत होता असं निघालं. गाडी उभी होती, अपघात नाही, धडक नाही. या वायूला वास नाही, रंग नाही, माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही.
आपल्याकडे महाराष्ट्रातही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलंय, हौशी लोक जुन्या ट्रॅव्हलरमध्ये पलंग टाकून कॅराव्हॅन बनवताना दिसतात, त्यांनी हे जरूर वाचावं. झोपताना जनरेटर बंद. मोनॉक्साईडचा अलार्म बटण दाबून वाजवून बघावा, अमेरिकेत त्यावर कालबाह्य होण्याची तारीख छापलेली असते तीही पाहावी. आणि डोकं दुखतंय, मळमळतंय असं एकाच वेळी दोघांना झालं तर पित्त समजू नये, आधी बाहेर पडावं.

मोगरा_डेन्व्हर
काका, खूप खूप आभार. बाबा म्हणतायत यांचा नंबर घे. (देऊ नका इथे!)

किवीकर
न्यूझीलंडहून. इकडे याला कॅम्परव्हॅन म्हणतात आणि भारतातून आलेले पाहुणे हमखास घेतात, कारण डावीकडून चालवायचं असतं त्यामुळे वाटतं की सोपंय. सोपं नाही. रस्ते दुपदरी, दुभाजक नाही, एका बाजूला डोंगर एका बाजूला तळं, आणि लिमिट ताशी १०० किलोमीटरचं. साडेतीन टनांवरच्या गाडीला ९०. वळणांवर ४०-५० च्या वर जाववत नाही आणि मागे पंधरा गाड्यांची रांग लागते, मग त्या रांगेतला कोणीतरी वैतागून वळणावर ओव्हरटेक करतो आणि समोरून लॉगिंगचा ट्रक. म्हणजे तुम्ही हळू चालवताय म्हणून सुरक्षित असं होत नाही. मागे रांग दिसली की पुढच्या मोकळ्या जागेत बाजूला घ्या आणि सगळ्यांना जाऊ द्या. बाळ्याभाऊ, "हळू चालवा विषय संपला" याला हे उत्तर.
एकपदरी पूल खूप आहेत. बोर्डावर दोन बाण असतात, तुमच्या बाजूचा बाण लाल आणि छोटा असेल तर तुम्ही थांबायचं. मिलफर्डच्या वाटेवरचा होमर टनेल १.२ किलोमीटर, आतून खडबडीत, आणि मिलफर्डकडे १० ला १ असा उतार. पाहुणे आत शिरून हेडलाइट शोधत बसतात. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रोडवर तर भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्सच लागू होत नाही.

रिकामटेकडी
इन्शुरन्सवरून आठवलं, आपली रोजची कार पॉलिसी भाड्याच्या आरव्हीला बहुतेक लागू होत नाही आणि क्रेडिट कार्डाचं कव्हर तर जवळपास कधीच नाही. भाडेकराराची पानं नीट वाचा, छप्पर आणि गाडीचं पोट हे बऱ्याच ठिकाणी वगळलेलं असतं. म्हणजे नेमकं जे फुटतं तेच.

हायवे_पाटील
आलो. उतार आणि टायर, दोनच गोष्टी.
टोगोटी पास ९६५८ फुटांवर आहे, उतार लांब आहे पण रस्ता रुंद आणि छान, घाबरण्यासारखा नाही. पण जॅक्सनहून व्हिक्टरकडे जायचा टीटन पास मात्र टाळा, १० टक्के उतार आहे, तिकडे जाऊन तुम्हाला करायचंय काय. उताराचं तंत्र असं की खाली उतरायला लागायच्या आधीच स्पीड कमी करून टो-हॉलचं (जड भारासाठी गियर खालचा ठेवणारं) बटण दाबायचं आणि गियर खाली टाकायचा, इंजिन घुरघुरेल, आरपीएम वर जाईल, बायको म्हणेल काहीतरी मोडलंय, काही मोडलेलं नसतं. इंजिनलाच गाडी धरू द्यायची. समजा तुम्ही ठरवलं ४०, तर ४० झालं की ब्रेक ठामपणे दाबून ३५ वर आणायचं आणि पाय पूर्ण काढायचा. परत ४० झालं की परत तेच. नवीन माणूस काय करतो, पूर्ण घाट पाय हलकासा ब्रेकवर टेकवून बसतो. ब्रेक तापतात, मग धूर येतो, मग पेडल तळाला जातं आणि काहीच होत नाही. खंबाटकीत नाहीतर कसाऱ्यात जळक्या लायनरचा वास घेतला असेल ना, तोच. वाटेत बाजूला चढणारे खडीचे रस्ते दिसतील, रनअवे रॅम्प, ते फक्त ट्रकला नाहीत. ब्रेक गेले तर लाज न बाळगता घुसवायची.
टायर. भाड्याच्या आरव्हीचे टायर वरून नवे दिसतात, नक्षी भरपूर असते, कारण गाडी वर्षातून मोजके महिने पळते आणि बाकी उन्हात उभी. रबर वयाने मरतं. टायरच्या बाजूला डॉट (DOT) लिहिलेलं असतं त्यातले शेवटचे चार आकडे बघा, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांच्या वरचा असेल किंवा बाजूला बारीक भेगा असतील तर ती गाडी घेऊ नका, सरळ दुसरी मागा. मागे जोडचाकं असतात, आतल्या चाकाची हवा बघायला हात जात नाही म्हणून कोणीच बघत नाही, आणि आतला बसला की सगळा भार बाहेरच्यावर. हवा सकाळी गाडी थंड असताना मोजायची, दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे. दुपारी तापल्यावर जास्त दिसते म्हणून काढायची नाही.
पुढचा टायर फुटला तर ब्रेक मारायचा नाही. हे लिहायला सोपंय, पाय आपोआप जातो. दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम नाही, हळूहळू काढायचा, गाडी सरळ चालतेय असं झालं की मग कडेला. आणि कडेला थांबल्यावर सगळ्यांनी उजव्या बाजूने उतरून कठड्यापलीकडे जायचं, आजीसकट. आत बसून टो ट्रकची वाट बघायची नाही.

अटकेपार
पाणी पण सांगा पाटील. एक गॅलन ८.३ पाउंड, ४० गॅलनची टाकी भरली की दीडशे किलो. लोक डेन्व्हरलाच टाकी भरून निघतात आणि वर वीस किलो बासमती.

मोगरा_डेन्व्हर
बासमतीवर आक्षेप नोंदवते 😀
ह्यांनी सगळा धागा वाचला, दोन दिवस गप्प होते. काल म्हणाले की दोन गाड्या करू, तू मुलांना आणि आईबाबांना घेऊन आपली गाडी चालव, मी मागून एकटा आरव्ही आणतो. म्हणजे मुलं नीट सीटवर. पण मग तो एकटा सात-आठ तास?

हायवे_पाटील
दोन गाड्या उत्तम. पण डेन्व्हर ते टीटन एका दिवसात आरव्हीने नको. आरव्हीवाल्यांत एक रीत आहे, ३३० मैल झाले किंवा साडेतीन वाजले की थांबायचं, जे आधी होईल ते. लँडर त्याहून थोडं लांब पडतं, तरी लवकर निघून तिथे मुक्काम करा. अंधारात कॅम्पग्राउंड शोधणं आणि संध्याकाळी रस्त्यावर येणारी हरणं, दोन्ही टळतं. यलोस्टोनमध्ये तर रस्त्यात बायसन उभा राहतो, तिथे लिमिटच ताशी ४५ मैलांचं आहे.

रिकामटेकडी
अजून एक पर्याय कोणीच सांगितला नाही. आरव्ही चालवूच नका. खाजगी मालकांकडून आरव्ही भाड्याने मिळतात त्यातले बरेच मालक स्वतः गाडी आणून कॅम्पग्राउंडवर उभी करून देतात, लेव्हल करून, वीज-पाण्याचं कनेक्शन जोडून, आणि शेवटी घेऊन जातात. तुम्ही मिनीव्हॅनने जा. आईंना घर मिळेल, पोहे होतील, ओटा हलणार नाही. वीज जोडलेली असली की जनरेटरचा प्रश्नच नाही. वेस्ट यलोस्टोन गावाच्या आसपास चौकशी करा, फक्त पार्कच्या आत की बाहेर ते मालकाला आधी विचारा.

बिनधास्त_बाळ्या
मग हॉटेलच घ्या की. आरव्हीची मजा चालवण्यात आहे.

किवीकर
मजा बाळ्याला, बिल पाहुण्यांना.

पुण्याचा_पेन्शनर
बाळ्या, आमच्या वयाला मजा सकाळी दार उघडून बाहेर खुर्ची टाकून चहा घेण्यात असते. गाडी कोणी आणली याने चहाची चव बदलत नाही.

मोगरा_डेन्व्हर
अपडेट देते. वेस्ट यलोस्टोनजवळच्या कॅम्पग्राउंडवर २४ फुटी आरव्ही मिळाली, मालक आणून लावून देणार. आम्ही मिनीव्हॅनने, लँडरला एक मुक्काम. ह्यांना थोडं वाईट वाटलंय, मालकाने म्हटलंय की कॅम्पग्राउंडच्या मोकळ्या मैदानात सकाळी चालवून बघू देईन. मी मालकाला टायरची तारीख विचारली तर तो हसला, म्हणाला चालवणार मी आहे ना, तरी फोटो पाठवला. मोनॉक्साईडच्या अलार्मचाही फोटो मागवलाय, तो अजून आला नाही. आणि आग लागली तर मागची जी खिडकी लाल हँडलने उघडते ती कुठे आहे तेही विचारून ठेवलंय, पोहोचल्यावर मुलीकडून एकदा उघडून घेणार.
फ्रिजमध्ये मावलं नाही तर काही खाणं बाहेर ठेवलं चालतं का तिथे?

रिकामटेकडी
अजिबात नाही, अस्वलं आहेत. खाणं, कूलर, टूथपेस्टसुद्धा रात्री आत किंवा गाडीत काचा लावून. रिकामं पातेलंही बाहेर नको. पार्कातल्या फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये ग्रिझलींमुळे कापडी तंबूच चालत नाहीत, फक्त कडक भिंतींच्या गाड्या.

हायवे_पाटील
आणि ताई, अलार्मचा फोटो आल्याशिवाय बाकीचे पैसे भरू नका. मिनीव्हॅन असली तरी आय-८० ला निघायच्या आधी ५११ बघाच.